पळणाऱ्याचं नाव

फिलाडेल्फिया
रविवार, 2 मार्च 2025

तीर्थरूप आबा व सौ. आईस,


इकडे सर्व क्षेम. हे वाक्य तुम्ही दरवेळी उडी मारून पुढे जाता, पण यावेळी थांबून वाचा. गाव पेटलेलं नाही, दंगल झालेली नाही आणि तुमचे जावई कुठल्याही खांबावर चढलेले नाहीत. ते अजून स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नाहीत.

त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. अशा वेळी भारतातला नंबर दिसला की इथल्या माणसाच्या पोटात काय होतं ते काय सांगू! जावई उठून थेट पासपोर्ट शोधायला लागले. आणि तुम्ही विचारलंत काय, तर "आगं, तुमच्या गावची लोकं दिव्याच्या खांबावर चढल्यात, कुणाचं सरकार पडलं?" आबा, सरकार जागच्या जागी आहे. आमचा संघ इथल्या फुटबॉलची सुपर बोल नावाची फायनल जिंकला, एवढंच. बंडूने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तो व्हिडिओ आमच्या घरापासून बराच लांबचा आहे. बंडूला सांगा, तुम्हाला पाठवायचे ते आधी मला पाठव.

खांबाचं म्हणाल तर ती इथली जुनी खोड आहे. 2018 साली हाच संघ जिंकत चालला तेव्हा पोलिसांनी दिव्याच्या खांबांना स्वयंपाकाचं वनस्पती तूप फासलं होतं, म्हणजे आपल्या डालडाचा इकडचा चुलतभाऊ. लोक तरीही चढले. यंदा जानेवारीत मात्र एक अठरा वर्षांचा कॉलेजातला पोरगा खांबावरून पडून गेला, त्यामुळे या विषयावरची चेष्टा इथेच थांबवते.

कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय. मध्येच तुटलं तर समजून घ्या.

आधी घरचं. डबा पोहोचला. शेंगाचटणी विमानतळावरच्या कुत्र्याने हुंगली आणि सोडून दिली. बिचाऱ्याचा जन्म सोलापूर जिल्ह्यात झालेला नाही. कडक भाकरीचा चुरा झाला होता, पण दुधात तो तसाही करायचाच असतो. आईने डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेली लसणीची गड्डी कशासाठी होती ते कळलं नाही. इथे लसूण मिळतो, आई. इथे सगळं मिळतं. अंडी तेवढी मिळत नाहीत.

अंड्यांचं सांगते. बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्या, आणि जानेवारीत देशभरातली सरासरीच डझनाला 4 डॉलर 95 सेंटवर गेली. आमच्या इथल्या एका दुकानात परवा डझनाला सात डॉलर होते. म्हणजे सहाशे रुपये! वर पाटी: एका गिऱ्हाईकाला दोनच डझन. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ खोकं उघडून एकेक अंडं फिरवून बघत होते, सराफाकडे बांगड्या बघाव्यात तसे. मी विजयाकाकूंना कळवलंय की गावठी कोंबड्या विकू नका, मी पुढच्या वर्षी त्यांच्यावर घर बांधणार आहे. महाशिवरात्रीला उपास असल्याने आमचे तेवढे पैसे वाचले. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात यंदा गर्दी कशी होती? आईने फोटो पाठवला, पण त्यात तिचा अंगठाच जास्त आलाय.

आता मुख्य वाद. तुम्ही फोन ठेवताना जे म्हणालात, "पळणारा हल्ला करतो? असला उलटा खेळ आम्ही बघत नसतो," त्यावर घरात तीन आठवडे भांडण चाललंय. म्हणून तुम्हाला पंच नेमून सगळं सविस्तर लिहिते.

खो-खोत पळतो तो बचाव करणारा. वेळ खायची, हूल द्यायची, खांबाला वळसा घालायचा आणि टिकायचं. मारायला येतो तो पाठलाग करणारा, आणि सगळी बंधनं त्याच्यावर: मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. इथे बरोबर उलट. चेंडू काखेत मारून पळतो तो हल्लेखोर, आणि त्याला लोळवणारे अकरा जण बचाव करणारे. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या जरा वर, पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. संपला खेळ. बाकीचे तीन तास जाहिराती असतात.

आमच्या संघाचं नाव ईगल्स. त्यांचा पळणारा सेक्वान बार्कली. तो आधी न्यूयॉर्ककडे होता. हा फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागायची नाही, असं तिथले मालक कॅमेऱ्यासमोर बोलून गेले होते, आणि तरी 2024 च्या मार्चमध्ये त्याला जाऊ दिलं. त्याने साखळी सामन्यांत 2,005 यार्ड काढले. एका हंगामात दोन हजारांच्या पुढे गेलेला तो या खेळाच्या इतिहासातला नववाच. 1984 सालचा एरिक डिकरसनचा 2,105 चा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे होते आणि एक सामना हातात होता, पण पुढच्या बाद फेरीसाठी प्रशिक्षकाने त्याला त्या दिवशी बसवून ठेवला. जावई दोन दिवस जेवले नाहीत नीट.

आणि तुम्ही या 2,005 यार्डांचे मीटर करायला लावलेत. 1,833 झाले. तुमचं उत्तर: "वर्षभरात? आगं, मी डेअरीला दूध घालून येतो तेवढ्यात तेवढं होतंय." जावयांना ते लागलंय. पण आबा, डेअरीच्या वाटेवर शंभर-दीडशे किलोचे अकरा गडी तुमच्या अंगावर झेपावत नाहीत. दामूअण्णांच्या म्हशी सोडल्या तर.

एक मात्र तुम्ही बघायलाच हवं, बंडूला लावून द्यायला सांगा. 3 नोव्हेंबरच्या सामन्यात या बार्कलीने एकाला चकवलं, गर्रकन फिरला, आणि पुढचा गडी पायाशी वाकून आलेला असताना त्याच्याकडे पाठ करून, उलटी उडी मारून त्याच्या डोक्यावरून गेला. मागे न बघता! मी ते बघितलं आणि तोंडातून "वा रे पठ्ठ्या" इतक्या जोरात निघालं की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली. तुम्ही असता तर लगेच विचारलं असतंत की हा कुठल्या मंडळाचा.

(शिट्ट्या झाल्या. वरण उतरवून आले. ओजसने मध्येच येऊन या पत्रात स्वतःचं मत घालायला सांगितलंय: सगळं श्रेय चेंडू फेकणाऱ्या जेलन हर्ट्‌सचं. तो बारा वर्षांचा आहे, सोडून द्या.)

जावयांचं म्हणणं: पळता गडी भारी, म्हणून संघ भारी. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय, रंग भरलेत. पुण्याच्या माणसाला रंग भरल्याशिवाय आकडा खरा वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं. तुम्ही शाळेच्या मैदानावर आम्हा पोरींना जे ओरडून ओरडून शिकवलंत तेच: आठ जणी नीट बसल्या नाहीत तर नववी काय मारणार? उठायला अर्धा क्षण उशीर झाला की गडी गेलाच. बार्कलीच्या पुढे पाच जण ओणवे होऊन उभे असतात. चेंडूला सहसा त्यांचा हातही लागत नाही. त्यांनी समोरच्याला ढकलून फट पाडायची आणि पळणाऱ्याने त्या फटीतून जायचं. त्यातला एक जॉर्डन मायलाटा: ऑस्ट्रेलियाचा, सहा फूट आठ इंच, 165 किलो. तो रग्बी खेळायचा. 2018 साली ईगल्सने त्याला घेतलं तेव्हा हा खेळ तो एकदाही सामन्यात खेळलेला नव्हता. आता त्याच्या बाजूने फट पडते ती बैलगाडी जाईल एवढी. पेपरात नाव कुणाचं? पळणाऱ्याचं.

19 जानेवारीचा रविवार आठवतो ना? खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल, दिल्लीला. तुमची रात्र, आमची सकाळ. मी चहाचं आधण ठेवून विसरले. पहिल्याच आक्रमणात आपल्या वेळापूरच्या रामजी कश्यपने आकाशात सूर मारून नेपाळच्या सूरज पुजाराला टिपलं आणि तुम्ही फोनवर एवढं ओरडलात की मला आधी तुमच्याकडून कळलं आणि मग पडद्यावर दिसलं. आमचं नेट मागे चालत होतं. आपल्या मुलींनी त्याच दिवशी 78-40 आणि मुलांनी 54-36 असं नेपाळला हरवून दोन्ही चषक आणले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी इथल्या ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, आमच्या गावच्या पोराने वर्ल्ड कप आणला. एकाने विचारलं, कुठल्या खेळाचा? मी दहा मिनिटं समजावलं. शेवटी तो म्हणाला, म्हणजे आमच्या बार्कलीला तुम्ही बचावात खेळवाल! आबा, हा गोरा माणूस तुमच्या वर्गात पहिला आला असता.

आणि त्याच दिवशी दुपारी इथे भर बर्फात बाद फेरीचा सामना. समोर लॉस एंजेलिसचे रॅम्स. मैदानाच्या रेषा दिसेनात. त्या पांढऱ्यात बार्कली एकदा 62 आणि एकदा 78 यार्ड सुटला, दिवसभरात 205. संघ 28-22 जिंकला. जावई तक्ता घेऊन नाचले. पण शेवटच्या दोन मिनिटांत समोरचे गोलाच्या तोंडाशी येऊन ठेपले होते, तेव्हा त्यांना लोळवलं ते जेलन कार्टर नावाच्या मधल्या फळीतल्या गड्याने. तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

बर्फाचं नाव निघालं तर ही तक्रार ऐकाच. या शहराचा नियम असा की बर्फ पडायचा थांबला की सहा तासांच्या आत आपल्या घरापुढची पायवाट किमान 36 इंच रुंद मोकळी करायची. पायवाट सगळ्यांची, त्यावरून चालणार गाव, पण खोरं आपलं. बरं, काढलेला बर्फ रस्त्यावर लोटायचा नाही, तोही गुन्हा. मग ठेवायचा कुठे? नियम यावर गप्प आहे. जावई पट्टी घेऊन मोजतात. पस्तीस इंच भरलं तर पुन्हा जातात. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे तीन फुटांसाठी भावकी कोर्टात जाते ती जमीन मिळवायला, तुम्ही झाडायला भांडताय.

त्यापुढची गंमत. तास दीड तास उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली, गाडी घेऊन दूध आणायला गेलं, की परत येईतो तिथे भलत्याचीच गाडी. म्हणून लोक मोकळ्या जागेत घरातली खुर्ची आणून ठेवतात. खुर्ची म्हणजे माझी जागा. हेही बेकायदा आहे, पोलीस दर हिवाळ्यात बजावतात, आणि दर हिवाळ्यात अख्ख्या गल्लीत खुर्च्या उभ्या असतात. आमच्या समोरच्याने इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं. कुणी हलवत नाही. पंचायतीच्या आवारात रात्री कोणाची चप्पल राहत नाही, त्या मापाने हा समाज फारच सज्जन म्हणायचा. मी आईची गोधडी घातलेली खुर्ची ठेवायला निघाले होते, जावयांनी अडवलं.

तर फायनल. 9 फेब्रुवारी, न्यू ऑर्लिन्स. समोर कॅन्सस सिटीचे चीफ्स, लागोपाठ तिसरा चषक न्यायला आलेले. दोन वर्षांपूर्वी याच चीफ्सनी आम्हाला 38-35 हरवलं होतं. आमच्या घरी अकलूजकर, बार्शीकर, दोन नागपूरकर आणि एक तमिळ कुटुंब जमलेलं. मिसळ केली होती. सगळ्यांचं एकच: बार्कली आज दीडशे काढतो. त्यातून त्याचा त्या दिवशी वाढदिवस.

बार्कलीने 25 वेळा चेंडू घेतला आणि 57 यार्ड काढले. बावन्न मीटर. जावयांचा तक्ता पांढराफटक पडला. आणि संघ 40-22 जिंकला!

तुम्ही म्हणाल, हे कसं? मी सांगते कसं. चीफ्सनी ठरवूनच आणलं होतं की हा सुटता कामा नये. त्याच्या वाटेवर माणसं गोळा केली. तिकडे गर्दी झाल्यावर मागचं रान मोकळं. मग हर्ट्‌सने चेंडू फेकले, आणि मन झालं तेव्हा स्वतःच काखेत मारून 72 यार्ड पळाला. ज्याला अडवायला सगळा गाव गेला तो नुसती हूल होता, आबा. तुम्ही आम्हाला सांगायचात ना, पहिल्या तुकडीत नावाजलेली पोरगी पाठवा, ती बाद झाली तरी चालेल, तिला धरण्यात समोरच्यांचा दम जाईल.

पण हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं बचावाचं, आणि इथे तुम्ही जिंकलात, कबूल. मध्यंतराला चीफ्सची सगळी कमाई 23 यार्ड होती. एकवीस मीटर! खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब असतं, तेवढंही नाही. पळून म्हणाल तर अख्ख्या सामन्यात त्यांचे 49 यार्ड. मधोमध तो कार्टर आणि दीडशे किलोचा जॉर्डन डेव्हिस. यांनी धावत सुटायचंच नाही. आपल्या दोन्ही अंगांची फट सांभाळायची. हाव सुटून एकजण जरी जागेवरून हलला की पळणारा नेमका तिथून निसटतो. त्यांच्या मागे झॅक बॉन, जो आधीच्या संघात बहुतेक वेळ बाकावर असायचा आणि या एका वर्षात देशातल्या पहिल्या फळीत जाऊन बसला. आणि या सगळ्यांचा गुरू विक फँजिओ, साठी ओलांडलेला, तुमच्यासारखाच हसायला पैसे पडतात असा चेहरा. समोर एवढा नावाजलेला फेकणारा असताना त्याने सामनाभर एकदाही जादा माणूस अंगावर धाडला नाही. जागा धरा, बस्स. माझा निकाल असा: वर्षभर शहर पळणाऱ्यावर भाळलं, आणि चषक आणला तो जागेवरून न हललेल्यांनी. जावई अपील करणार आहेत. तुमच्याकडे फोन आला तर उचलू नका.

त्यात ईगल्सनी एक नवीन काढलंय: ढकलगाडी. एक यार्ड हवा असला की हर्ट्‌सने चेंडू घेऊन खाली घुसायचं आणि मागून दोघांनी त्याला बुडाला धरून लोटायचं. ते बाकीच्यांना सहसा तितकं जमत नाही, ईगल्सना हमखास जमतं. त्यामुळे आता ते बंदच करायचा ठराव येणार म्हणतात. खेळात हरले की नियम बदला. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून वेगळं काय होतं?

14 फेब्रुवारीला मिरवणूक. शाळांना सुट्टी. ब्रॉड स्ट्रीटवर नजर जाईल तिथवर हिरवे सदरे. ओजस बापाच्या खांद्यावर बसायच्या वयाचा राहिला नाही, तरी बसला. मी कडेला उभी होते. मागून कुठूनतरी ढोल वाजायला लागले, पुढची माणसं एकदम धावली, आणि मला धावा आठवला. वेळापूरच्या अलीकडचा तो उतार. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळ्या दिंड्या धावतात. तुम्ही माझा हात धरून पळायचात आणि खाली आल्यावर म्हणायचात, इथे कोण पहिला आला ते विचारायचं नसतं. इथे सगळे विचारत होते. गर्दीत उभी राहून रडले थोडी. शेजारच्या बाईला वाटलं संघ जिंकला म्हणून. तिने मला मिठी मारली, तीही रडली.

आईकडून कळलं, डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय. तुमच्याकडून कळलं, "जरा कुरकुरतोय." आबा, फोनवर तुम्ही मला पाऊण तास फुटबॉलवर बोलायला लावता आणि गुडघ्याचं विचारलं की लाईन खराब होते.

बाकी उत्तरं भराभर देते, कपडे धुवून झालेत. सुमनच्या लेकीचं ठरलं, फार आनंद झाला; मुलगा "पुण्यात आयटीत" म्हणजे नक्की काय करतो ते जावई शोधून काढतील, त्यांना त्यात रस आहे. संभाकाकांच्या डाळिंबावर पुन्हा तेल्या आला हे वाईट झालं. पण त्यांनी ऊस लावायचा म्हटला तर त्यांना सांगा, आपला ऊस अजून फडात उभा आहे आणि मुकादम उचल घेऊन फोन उचलत नाही. नीरा उजव्याचं आवर्तन सुटलं का? विहिरीवरची मोटार चोरीला गेली ती जुनी की मी पैसे पाठवलेली नवी? आई म्हणते जुनी, बंडू म्हणतो नवी, तुम्ही म्हणता कुठली मोटार.

आषाढी यंदा 6 जुलैला आहे. आम्ही तिघं पालखी वेळापूरला यायच्या आधी पोहोचतोय, तिकिटं काढलीत. ओजसला धावा दाखवायचाय. त्याचा हात मी धरीन. तुम्ही कडेला खुर्ची टाकून बसायचं, आणि ती खुर्ची कुणी हलवणार नाही, हे मी बघते.

आत्याबाईंना व काकूंना नमस्कार, बंडूला आशीर्वाद, त्याने कमावलेले नसले तरी.

तुमची,
बेबी

ता. क. खालच्या वावराच्या बांधावरून भाऊकाका मोजणी आणणार आहेत असं आईने हळूच सांगितलं. तीन फुटांचाच प्रश्न आहे, मिटवून टाकू म्हणून तुम्ही एकट्याने जाऊन कुठल्याही कागदावर सही करू नका. मी जुलैत येईपर्यंत थांबा.